सावरखिंडचा कुकारा

वीज गेली तेव्हा मी निजामपुऱ्यातल्या आमच्या यंत्रमागांच्या गल्लीत, पिठाच्या गिरणीसमोर डबा घेऊन उभा होतो. सगळे लूम एकाच क्षणी बंद पडतात असं आपण म्हणतो, पण मला वाटतं ते तितकंसं खरं नाही. प्रत्येक लूम हातातला ठोका पुरा करतो, मग थांबतो. त्यामुळे शांतता एकदम येत नाही, गल्लीच्या त्या टोकाकडून अंगावर चालत येते. इतकी वर्षं हा खडखडाट कानात भरून राहिला आहे की तो थांबला म्हणजे मला आधी छातीत काहीतरी बिघडल्यासारखं वाटतं. कोणीतरी "लाइट गया" म्हणून ओरडलं. वरच्या पत्र्यावर कबुतरांची नखं वाजली. आणि मग, फार लांबून, रेल्वेच्या इंजिनाचा भोंगा ऐकू आला. एक लांब, एक आखूड. मी गिरणीवाल्याला म्हणालो, "शटल आली."

"क्या आयी, चाचा?" त्यानं विचारलं.

मी ओशाळून डबा खाली ठेवला. कदाचित ती रेल्वे नसेलच. बायपासवर कंटेनरचे भोंगेही हल्ली असेच वाजतात. शिवाय त्या वेळेला तिकडून कुठली गाडी जाते हे मला आता कुठं ठाऊक आहे? पण माझा उजवा हात सदऱ्याच्या खिशाकडे गेला होता. तिकिटांच्या खोलीची किल्ली मी त्या खिशात ठेवत असे. ती खोली, तिचं दार, ते कुलूप आणि ज्या जमिनीवर ती उभी होती ती जमीनसुद्धा जिथल्या तिथं राहिलेली नाही, आणि हात मात्र खिशात चाचपत होता. म्हातारपणात माणूस स्वतःपुढेच असा उघडा पडतो. आजूबाजूला कोणी पाहिलं नाही याचं मला बरं वाटलं.

घरी आलो तर सूनबाई संघरत्ना एका मुलीला चहा देत होती. मुलगी विशीतली, गळ्यात गोडाऊनचं ओळखपत्र, पायात जाड बूट. मला पाहून ती उठली आणि वाकली. मी नेहमीप्रमाणे मागे सरलो. कोणी पाया पडायला लागलं की मला काय करावं ते कळत नाही.

"मी प्राजक्ता," ती म्हणाली. "सावरखिंडच्या पाड्यावरची. तानीची नात."

बायको गेल्यापासून सावरखिंड हे नाव या घरात माझ्याशिवाय कोणाच्या तोंडून मी ऐकलं नव्हतं. मी खुर्चीवर बसलो.

"आजीनं निरोप दिलाय," प्राजक्ता म्हणाली आणि हसली. "जसा दिलाय तसाच सांगू? म्हणाली, मास्तरला सांग, पुस्तक ठेव खाली आनि ये."

संघरत्ना तोंडाला पदर लावून हसली. "बाबांना बरोबर ओळखतात त्या," ती म्हणाली.

प्रकरण असं होतं. पाड्यावरून रेल्वेच्या रुळांकडे जाणारी जुनी पायवाट एका नव्या गोडाऊनच्या भिंतीनं बंद झाली होती. पाड्याचं मसण रुळांच्या बाजूला, खाडीच्या अलीकडे आहे. वाट बंद झाल्यापासून माणूस मेला की त्याला पूर्णा गावाच्या रस्त्यानं, ट्रेलरच्या रांगेतून, मोठा वळसा घालून न्यावं लागत होतं. पाड्यानं तहसीलमध्ये अर्ज केला होता. गोडाऊनवाल्यांचं म्हणणं, इथं वाट नव्हतीच. वाट कशाला असेल? रुळांपाशी ना स्टेशन, ना वस्ती. नकाशात तसं काही दिसत नाही. गुरुवारी नायब तहसीलदार जागा पाहायला येणार होत्या. तिथं पूर्वी हॉल्ट, म्हणजे गाडीचा छोटा थांबा होता, आणि त्या वाटेनं माणसं रोज गाडीला येत होती, हे सांगायला पाड्याबाहेरचा एक तरी माणूस हवा होता. हॉल्टवर काम केलेला, जिवंत असा मी एकटाच उरलो होतो.

"आजी म्हणते, मला काय कंटेनरच्या मागनं नेनार काय," प्राजक्ता म्हणाली. या वेळी ती हसली नाही. "गेल्या महिन्यापासून तिला बरं नाही. रोज हेच बोलते."

"तू असशील ना गुरुवारी?" मी विचारलं.

"नाही ना. माझी शिफ्ट आहे. तिथंच, त्याच गोडाऊनला. सुट्टी मागितली तर म्हणाले, घे, पण मग परत येऊ नको."

मी येतो म्हणालो. म्हणजे, माझ्या तोंडून तसं निघालं.

ती गेल्यावर मी कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर सावरखिंडचा नकाशा काढायला बसलो. आयुष्यभर मी पुस्तकांच्या संगतीत राहिलो. हॉल्ट बंद झाल्यावर इथल्या एका वाचनालयात कारकुनी केली. एखाद्या जागेचा इतिहास आणि भूगोल म्हणजे काय असतं हे मला वाचून माहीत आहे. राजे, लढाया, नद्या, पिकं. सावरखिंडला यातलं काहीच नव्हतं. तिथला इतिहास म्हणजे दिवा-वसई लाइन आली आणि तिच्या कडेला काही माणसं टेकली, इतकाच. लाइन टाकणाऱ्यांनी डोंगराची एक सोंड कापली, तिची खडी झाली, माती भरावाला गेली आणि मागे एक खिंड राहिली. खिंडीच्या तोंडाशी फाटक. फाटकाला लागून गँगचाळ, पत्र्याच्या छपराच्या ओळीनं खोल्या, त्यांत रुळांची देखभाल करणारी माणसं आणि त्यांची बायकामुलं. चाळीपुढे मातीचा बसका फलाट, कडेला दगड रचलेले. फलाटावर पिवळी पाटी आणि माझी तिकिटांची खोली. खोली कसली, एक खिडकी ठेवलेला पत्र्याचा डबाच. एका अंगाला खाडीची खाजणं, दुसऱ्या अंगाला डोंगर आणि डोंगराच्या पायथ्याशी पाडा. संपलं. शहाण्या माणसानं यावर पानभरसुद्धा लिहू नये. पण आजही कुठल्या पुस्तकात 'गाव' हा शब्द आला की माझ्या डोळ्यांपुढे तेच येतं, मग ते पुस्तक कुठल्याही देशातलं असो.

मी तिथं हॉल्ट एजंट होतो. रेल्वेचा नोकर नव्हे, तिकीटविक्रीवर कमिशन मिळणारा माणूस. तरी पाड्यावरची माणसं मला मास्तर म्हणत, आणि मला ते दुरुस्त करणं कधी जमलं नाही. पंचविशीत होतो. नवं लग्न झालेलं. चंपा माझ्याबरोबर गँगचाळीतल्या एका रिकाम्या खोलीत राहायला आली तेव्हा तिनं पहिल्याच दिवशी विचारलं होतं, "इथं शेजारी कोण?" मी म्हणालो, "अप साइडला गँगचा मुकादम, डाऊन साइडला रूळ तपासणारा कीमन." ती माझ्याकडे पाहतच राहिली. आठवडाभरात तीही तसंच बोलू लागली. त्या चाळीत उजवं-डावं नव्हतं, पूर्वपश्चिम नव्हती. जेवताना बायका म्हणायच्या, ताट जरा डाऊनला सरकव. आमच्या मुलाचा, बुद्धभूषणचा, जन्म तिथलाच. शाळेत गेल्यावर सूर्य कुठं उगवतो असं त्याच्या बाईंनी विचारलं, तर तो म्हणाला, सिग्नलच्या पलीकडे. चंपा हे पुढे कितीतरी वर्षं सांगायची आणि प्रत्येक वेळी तिच्या डोळ्यांत हसून पाणी यायचं. ती गेली त्यालाही आता बराच काळ झाला. हे सांगायला आणि त्यावर हसायला सावरखिंड पाहिलेलं माणूस लागतं, आणि मुलाला स्वतःला त्यातलं काहीच आठवत नाही.

पाणी गाडीनं येई. खाजणामुळे तिथल्या विहिरीला खारं पाणी, म्हणून एक टाकी मालगाडीला जोडून यायची आणि चाळीपुढे थांबायची. गोड पाणी चाळीपुरतंच मिळे, पण पाड्यावरच्या बायका हंडे घेऊन आल्या तर मुकादम पाठ फिरवून बिडी ओढत उभा राही. त्याची ती पाठ मला चांगली आठवते. आमच्या लहानपणी, आमच्या मूळ गावात, पाण्यावर कोणी कसं उभं राहायचं याचे नियम होते, आणि ते माझ्या अंगात इतके मुरलेले होते की पहिल्या दिवशी मी हंडा घेऊन सगळ्यांच्या शेवटी उभा राहिलो. मागून तानीबाई आली. ती तेव्हा तरुण होती, बारक्याची बायको. बारक्या गँगमध्ये कामाला आणि राहायला पाड्यावर. ती म्हणाली, "सरका की मास्तर म्होरं. हितं काय लगीन लागतंय?" मी सरकलो. एवढंच झालं. पण मी पुढे सरकलो त्या दोन पावलांनंतरची जमीन वेगळी होती असं मला वाटतं. कदाचित मीच नंतर वाचलेल्या पुस्तकांमधून ते तसं रंगवलं असेल.

कॅलेंडरवर मी रूळ काढले, फाटक काढलं, चाळ, फलाट आणि खोली काढली. कोपऱ्यात पाडा काढला. मग खोलीपासून पाड्यापर्यंत वाट काढायला पेन्सिल टेकवली, आणि ती तिथंच राहिली. मला ती वाट ठाऊक नव्हती. विसरलो होतो असं नाही. मी तिच्यावरून कधी गेलोच नव्हतो. पाड्यावर मी एकदाच गेलो, एका लग्नाला, आणि तेही बारक्याच्या सायकलवर मागे बसून, बैलगाडीच्या रस्त्यानं. एरवी तानीबाई दर सणाला म्हणायची, या की एकदा चालत, आणि मी बरं म्हणायचो, आणि मग गाडीची वेळ, तिकिटांचा हिशेब, हातातलं पुस्तक असं काहीतरी निघायचं. खरं तर मला लोकांच्या अंगणात शिरायची भीती वाटते. काय बोलावं, कुठं बसावं. माझ्या खोलीची खिडकी रुळांकडे होती. वाट मागून यायची. सातआठ वर्षं मी त्या वाटेकडे पाठ करून बसलो होतो.

आणि तरीही मला ती पाठ होती. हे कसं सांगावं ते मला कळत नाही. सकाळच्या शटलला, म्हणजे जवळच्या पल्ल्याच्या पॅसेंजरला, पाड्यावरची माणसं निघत: डोक्यावर लाकडाच्या मोळ्या, गवताचे भारे, दिवसांप्रमाणे करवंदं, रानभाज्या. शटल मिनिटभर थांबे. मोळी घेऊन मिनिटभरात काय चढणार? म्हणून पाड्यानं एक रीत पाडली होती. वाटेनं येणारा पहिला माणूस ठरावीक जागी कुकारा घाले. तोंडाला हात लावून लांबलचक 'हूऽऽ'. मागचा त्या जागी आला की तोही घाले. ज्यानं ऐकला त्यानं उत्तर द्यायचंच, नाहीतर मागचा माणूस समजायचा की पुढे वाटेत काही झालं. असे ते कुकारे पाड्यापासून माझ्यापर्यंत येत. पाड्याच्या कडेचा बारीक, बांबूत फुंकल्यासारखा. ओहोळातला जाड, दोन्ही काठांना आपटून दुहेरी झालेला. मग सावरीच्या मोठ्या झाडाखालचा, एकदम मोकळा, उजेडात आल्यासारखा. आणि शेवटचा, भरावाच्या पायथ्याचा, जणू माझ्या खुर्चीखालून निघालेला. पुस्तकातून डोकं वर न काढता मला कळे, कोण कुठं पोचलं आहे. गाडी आली आणि सावरीखालचा कुकारा ऐकू आला, तर मी गार्डकडे पाहून हात वर करी. गार्ड घड्याळात पाही, तोंड वाकडं करी आणि थांबे. ओहोळातला ऐकू आला तर मात्र मी हात खाली ठेवी. तिथून पोचणं शक्य नसे. ते करताना मला फार वाईट वाटायचं. आता विचार केला तर माझ्या सगळ्या आयुष्यात कोणी माझ्या हाताच्या इशाऱ्यावर थांबलं असेल, तर ती शटल.

पण यातलं काय सांगणार? तहसीलदारांना वाट दाखवायची असते. मी कॅलेंडर परत भिंतीला लावलं. संध्याकाळी संघरत्नाला म्हणालो, "मला वाटतं, मी जाऊ नये. माझ्यामुळे त्यांचं नुकसान व्हायचं."

ती भाजी निवडत होती. "बाबा, त्या आजींना दुसरं कोण आहे?"

"तेच तर."

"मग तेच," ती म्हणाली आणि पुन्हा भाजीत लक्ष घातलं.

गुरुवारी रिक्षावाल्यानं मला सांगितलेल्या जागी सोडलं तेव्हा मला पहिल्यांदा वाटलं की तो चुकला आहे. समोर पांढऱ्या-निळ्या पत्र्याचं गोडाऊन, इतकं लांब की त्याचं दुसरं टोक धुरकट दिसत होतं. त्याच्या बाजूला तसंच दुसरं. डोंगर कुठं गेला? मी मान वर करकरून शोधला. तो होता, पण छपरांमागे दडलेला, कोणाच्या तरी मागे उभ्या राहिलेल्या माणसासारखा. रुळांच्या आता दोन जोड्या झाल्या होत्या. फाटक नव्हतं. गँगचाळीच्या जागी रानतुळस. फलाटाच्या कडेचे रचलेले दगड मात्र थोडे शिल्लक होते, आणि त्यांच्यावर तानीबाई बसली होती.

ती इतकी लहान झाली होती की मी तिला आवाजावरून ओळखलं. "आलं का मास्तर! किती म्हातारं झालं वो. मला वाटलं, मीच झाले."

मला हसू आलं आणि रडूही. मी म्हणालो, "तानीबाई, मला नीट आठवत नाही काही."

"आठवायचं काय त्यात. वाट हाय ना? मग हाय म्हना."

पाड्यावरच्या बायका आणि दोनचार पुरुष उन्हात उभे होते. थोड्या वेळानं नायब तहसीलदारबाई आल्या, चाळिशीच्या, डोक्यावर ओढणी घेतलेल्या, थकलेल्या. बरोबर तलाठी, आणि टेप धरणारी दोन माणसं. गोडाऊनकडून कुणाल नावाचा तरुण मॅनेजर, हातात टॅब घेऊन. तो माझ्याशी फार अदबीनं बोलला, त्यामुळे मी अधिकच गडबडलो.

"काका, तुम्ही इथं तिकिटं विकायचात?" बाईंनी विचारलं.

"हो."

"मग वाट कुठून यायची ते दाखवा."

मी हात वर केला आणि तो कुठं न्यावा ते मला कळेना. "अप साइडनं," मी म्हणालो. "म्हणजे, होम सिग्नलच्या जरा डाऊनला."

"पूर्व की पश्चिम?"

"पूर्व," मी म्हणालो.

कुणालनं टॅब पुढे केला. "म्याडम, पूर्वेला खाडी आहे. काका, तुमची माणसं काय खाडीतून यायची?"

तलाठी हसला. टेप धरणाराही हसला. मी तिथं उभा राहून मनात सूर्य शोधत होतो. बुद्धभूषणचं ते सिग्नलच्या पलीकडचं उत्तर आठवत होतो, आणि सिग्नलसुद्धा आता होता तिथं नव्हता. मला चंपा हवी होती. ती माझ्या बाजूनं बोलली असती. दुकानात, दवाखान्यात, मुलाच्या शाळेत, सगळीकडे तीच बोलायची. मी मागे उभा राहून मान डोलवायचो.

"काका, घाबरू नका," बाई म्हणाल्या. त्यांचा स्वर मऊ होता. "एकच सांगा. त्या वाटेनं तुम्ही स्वतः चालला आहात ना? कुठून कुठं गेलात, तेवढं लिहून घेते."

तानीबाई माझ्याकडे पाहत होती. सगळा पाडा पाहत होता. हो म्हणायला काही लागत नव्हतं. एक अक्षर. मला वाटतं मी ते उच्चारणारही होतो. पण मग त्या पुढचं विचारणार: झाड कुठलं, वळण कुठलं, किती रुंद? आणि मी पुन्हा खाडीतून माणसं आणणार.

"नाही," मी म्हणालो. "मी चाललो नाही कधी. मी ती रोज ऐकायचो."

कुणालनं खांदे उडवले. तानीबाईनं कपाळावर हात मारला. "आरं द्येवा! व्हय म्हनायला काय जीभ झडत व्हती काय?" मग माझ्याकडे निरखून पाहत ती थांबली. तिचा राग उतरला असं नाही, पण तो दुसरीकडे वळला. ती बाईंना म्हणाली, "म्याडम, खरं हाय त्याचं. ह्यो कदी खुर्चीवरनं उठलाच न्हाय. पन त्याला ऐकू यायचं. आमी कुकारा घालायचो न, त्यावर तो गाडी थांबवायचा. आमी घालतो आता. तुमी त्याला इचारा, कोन कुटं हाय."

"असं पंचनाम्यात कसं लिहायचं?" तलाठी म्हणाला.

बाईंनी घाम पुसला आणि घड्याळात पाहिलं. मला त्या क्षणी जुन्या गार्डची आठवण झाली. "घाला," त्या म्हणाल्या. "मी ऐकते."

तानीबाईनं बायकांना काहीतरी सांगितलं. त्या पांगल्या. काही वळसा घालून पाड्याकडे गेल्या, काही भिंतीच्या कडेनं खाली उतरल्या. मला तिनं दगडावर बसवलं, रुळांकडे तोंड करून. बाई माझ्या शेजारी उभ्या राहिल्या. समोरून एक मालगाडी गेली. तिचे डबे संपेपर्यंत आम्ही थांबलो. तिच्यामागून जी शांतता आली तिच्यात मी पाठ ताठ केली. मला वाटलं, मला आता काही ऐकू येणार नाही. कान थकलेले, त्यांत जन्मभराचे लूम.

मग बारीक कुकारा आला.

"पाडा," मी म्हणालो. "पाड्याची कड."

बाईंनी मागे वळून पाहिलं असावं. टेपवाल्याला म्हणाल्या, "त्या टोकाला एक माणूस उभा करा."

दुसरा आला तो जाड, पण दुहेरी नव्हता. मी अडखळलो. "ओहोळ असावा. पण तो दोनदा ऐकू यायचा."

"ओहोळ पाइपात घातलाय, मास्तर," मागून कोणीतरी म्हणालं. "ती पाइपाच्या तोंडाशी उभी हाय."

तिसरा आला नाही. मी वाट पाहिली. भिंतीच्या कडेनं गेलेल्या बायका परत आल्या. सावर होती ती जागा भिंतीच्या आत होती. कुणाल म्हणाला, "आत बाहेरच्यांना अलाउड नाही, म्याडम. सेफ्टीचा प्रश्न आहे." बाईंनी पेनाचं टोपण लावलं. ते टोपण बसल्याचा आवाज मला स्पष्ट ऐकू आला. पाड्याकडून पुन्हा कुकारा आला, ओहोळातून पुन्हा आला, आणि मग तिथंच थांबला. उत्तर न मिळालेला कुकारा फार वाईट वाजतो. तो हवेत तसाच राहतो. मी मान खाली घातली.

आणि गोडाऊनच्या आतून आवाज उठला. पत्र्याच्या त्या प्रचंड पोकळीतून, घुमत, मोठा होत, शटरमधून बाहेर पडत. 'हूऽऽ.' एकच. मग आणखी एक, दुसऱ्या गळ्यातला. मग तिसरा. आत काम करणाऱ्या पाड्याच्या मुली. त्यांनी हॉल्ट पाहिला नव्हता, शटल पाहिली नव्हती. पण ओहोळातून हाक आली आणि उत्तर नाही, हे त्यांच्या आयांनी आणि आज्यांनी त्यांना कधीच चालू दिलं नसणार.

"सावर," मी म्हणालो. "म्याडम, तिथं सावर होती. झाडाखालून वाट मोकळ्यावर यायची आणि मग सरळ भरावाशी. इथं, माझ्या पाठीशी."

प्राजक्ताचा आवाज मी ओळखला होता. सुट्टी घे पण परत येऊ नको, असं ज्यांनी तिला सांगितलं होतं त्यांच्याच छपराखाली ती ओरडली होती. कुणाल तरातरा आत निघाला. बाई म्हणाल्या, "थांबा. मी येते. आणि त्या मुलींना कोणी काही बोलायचं नाही, त्या माझ्या पंच आहेत." त्यांनी टेपवाल्यांना पाइपाच्या तोंडापासून धरायला सांगितलं. टेप भिंतीवरून आत टाकला गेला. आत त्या मुली जिथं होत्या तिथून तो पुढे गेला, मागच्या बंद दारापाशी थांबला. दार उघडलं तेव्हा उजेडात मी बसलो होतो तो दगड दिसला. हे मी पाहिलं नाही. मला तलाठ्यानं नंतर सांगितलं. मी रुळांकडेच तोंड करून बसलो होतो. मला उठावंसं वाटत नव्हतं.

निकाल लगेच लागत नाही, असं बाई म्हणाल्या. सुनावणी होईल, गोडाऊनवाले वकील देतील. पण तोवर पुढचं शटर आणि मागचं दार पायी जाणाऱ्यांसाठी दिवसभर उघडं ठेवायचं, असं त्यांनी तिथंच लिहून कुणालच्या हातात दिलं. मग पंचनाम्यावर माझी सही घेतली. तानीबाईचा अंगठा घेताना त्या म्हणाल्या, "आजी, आता काळजी करू नका."

"काळजी कशाची," तानीबाई म्हणाली. "मी काय आजच चालले व्हय? अजून नातीचं लगीन हाय." आणि मग मला, "उठा मास्तर. जेवून जायचं. नाचनीची भाकर हाय."

मी म्हणालो, रिक्षा मिळणार नाही, सूनबाई वाट पाहील. ती माझं काही ऐकत नव्हती. ती दारातून आत शिरलीसुद्धा होती, काठी टेकत, आपल्या घरात शिरावं तशी. मी मागून गेलो.

आत इतका गारवा आणि अंधार होता की क्षणभर मला काही दिसेना. दोन्ही बाजूंना लोखंडी मांडण्या, छपरापर्यंत रचलेली पुठ्ठ्याची खोकी, त्यांवर पट्ट्या, आकडे. पायाखाली गुळगुळीत सिमेंट, त्यावर पिवळ्या रेघा. लाकडाच्या मोळ्या घेऊन माणसं इथून आली होती. इथं कुठंतरी सावरीचा कापूस उडत असेल. मी खाली पाहत चाललो होतो, जणू सिमेंटमधून ती वाट वर दिसणार होती, आणि मान वर केली तेव्हा तानीबाई पुढे नव्हती. मांडण्या सगळ्या सारख्या. मी एका गल्लीत वळलो, तीही तशीच. परत फिरलो. हाक मारावी तर काय म्हणून? इतक्या अनोळखी माणसांत, तेही मी.

तेवढ्यात खोक्यांच्या पलीकडून तिचा कुकारा आला. म्हातारा, फाटका, पण लांबलेला. ती थांबली होती. आता गप्प राहिलो तर ती समजेल की मागे काहीतरी झालं. हे मला ठाऊक होतं. हे माझ्याइतकं कोणाला ठाऊक असणार? मी हात तोंडाशी नेले. ते कसे धरतात हेही मी कधी नीट पाहिलं नव्हतं. श्वास घेतला. जे निघालं ते कुकारा नव्हतं, खोकला आणि आवंढा यांच्यामधलं काहीतरी होतं. वरच्या मांडणीपाशी उभ्या असलेल्या दोन मुलींनी वळून पाहिलं. त्यांतली एक प्राजक्ता असावी. तिनं स्कॅनर छातीशी धरला होता आणि ती हसत नव्हती. मी पुन्हा श्वास घेतला, डोळे मिटले आणि ओरडलो. आवाज माझ्यातून निघाला, पत्र्याला लागला, लांब गेला. तो माझा आहे हे मला ऐकून कळलं.

"ऐकलं, ऐकलं!" पलीकडून तानीबाई म्हणाली. "सरळ या आता, मास्तर. वाट हाय."